जिजाऊ : उजाड गावात भरलेली शाळा

नाताळचा गोठा आवरून ठेवला, तारा उतरवला, की आठवडाभरातच १२ जानेवारी उजाडते. त्या दिवशी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले रस्ते सिंदखेड राजाकडे वळतात. जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे एरवी शांत असणारे हे गाव जिजाऊ जयंतीला माणसांनी फुलून जाते. बायका डोक्याला फेटे बांधून येतात, शाळांच्या मुली लेझीम खेळत येतात. आपल्या भागातील ख्रिस्ती मुलांनीही शाळेच्या सहलीत तिथला राजवाडा पाहिलेला असतो आणि चौथीच्या पुस्तकातून जिजामातेची गोष्ट वाचलेली असते.

तरीही आज या पानावर ती गोष्ट पुन्हा सांगावी असे आम्हांला वाटले. या जागी आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. जिजाऊ आपल्या धर्माच्या नव्हत्या, आणि त्यांना ओढूनताणून आपल्या चौकटीत बसवण्याची आमची इच्छाही नाही. पण पुस्तकातली गोष्ट किल्ले आणि लढाया यांच्यामागे धावते आणि एक भाग मागे राहून जातो. सैन्ये निघून गेल्यावर जळलेल्या गावाचे पुढे काय झाले? पळून गेलेली माणसे परत कशी आली? आणि त्या सगळ्यात एक लहान मुलगा काय शिकला? तेवढ्याच भागावर आम्ही आज थोडे रेंगाळणार आहोत.

जिजाऊंचा जन्म परंपरेप्रमाणे १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेडच्या जाधवरावांच्या वाड्यात झाला. वडील लखुजी जाधवराव, आई म्हाळसाबाई. जाधव घराणे स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत असे आणि लखुजी हे निजामशाहीतील मोठे सरदार होते. सिंदखेडमध्ये आजही त्या वैभवाच्या खुणा आहेत : राजवाड्याचा भव्य दरवाजा, रंगमहाल, काळाकोट, मोती तलाव, चांदणी तलाव आणि दगडात कोरलेली पुतळाबारव. पाणी अडवून साठवण्याची ती कामे पाहिली म्हणजे कळते की जाधवांचे घर तलवारीबरोबर शेतीचाही विचार करणारे होते. पाणी असले तर गाव टिकते, हे त्या मुलीने डोळ्यांसमोर पाहिले असणार.

(जाता जाता एक आठवण. जिजाऊ अठरा वर्षांच्या होत्या त्या १६१६ साली, तिकडे गोव्यात राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण छापून निघाले. आपल्या प्रभूची कथा मराठी ओवीत आली तो काळ आणि जिजाऊंच्या तरुणपणाचा काळ एकच होता.)

लहान वयातच त्यांचे लग्न वेरूळच्या भोसल्यांच्या घरात, मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी झाले. रंगपंचमीच्या दिवशी ही सोयरीक कशी जुळली ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, ती आम्ही पुन्हा सांगत नाही. पुढे जे घडले ते मात्र सांगायला हवे. शिवभारत या त्या काळच्या संस्कृत काव्यात त्याची हकिकत आहे. निजामशहाच्या दरबारातून सरदार बाहेर पडत असताना खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून चकमक पेटली आणि बघता बघता जाधव एका बाजूला व भोसले दुसऱ्या बाजूला उभे राहिले. जिजाऊंचे भाऊ दत्ताजी भोसल्यांच्या हातून मारले गेले. चिडलेल्या लखुजींनी शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी यांना ठार केले. त्या धुमश्चक्रीत खुद्द शहाजीराजेही जखमी झाले. एका हत्तीपायी माहेर आणि सासर एकमेकांच्या रक्ताचे वैरी झाले आणि मध्ये ही बाई उभी.

आपल्या गावांतही जमिनीच्या बांधावरून दोन घरे वर्षानुवर्षे बोलत नाहीत, आणि त्या दोन घरांत दिलेली लेक काय भोगते, हे आपण पाहतोच. जिजाऊंनी सासर सोडले नाही. माहेरचा राग त्यांनी नवऱ्यावर काढल्याचे कुठेही नमूद नाही.

त्यानंतरचा घाव याहून मोठा होता. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, निजामशहाने लखुजी जाधवराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची दगा करून हत्या केली. एकाच दिवशी वडील, दोन भाऊ आणि भाचा गेले. सिंदखेडमध्ये लखुजींची जी प्रचंड समाधी आहे, ती या दिवसाची आहे. तिच्याजवळ उभे राहिले की मोठमोठ्याने बोलणारी सहलीची मुलेही थोडी गप्प होतात. या घटनेला सात महिनेही झाले नव्हते तेव्हा, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर जिजाऊंच्या पोटी शिवाजीराजांचा जन्म झाला.

ज्या मुलखात हे बाळ जन्मले तो मुलूख तेव्हा तीन-तीन सत्तांच्या जात्यात भरडला जात होता. उत्तरेकडून मोगल, दक्षिणेकडून आदिलशाही आणि मध्ये मोडकळीला आलेली निजामशाही. त्यातच १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. गुरे मेली, माणसे गाव सोडून परागंदा झाली. शहाजीराजांची जहागीर असलेले पुणे याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याच्या फौजेने जाळले. नुसते जाळून समाधान झाले नाही. गावाची तटबंदी पाडली आणि गावठाणावरून गाढवाचा नांगर फिरवला, असे परंपरा सांगते. जमिनीत पहार ठोकून तिला फाटकी वहाण आणि केरसुणी टांगली. त्याचा अर्थ असा, की ही जागा शापित झाली, इथे जो वस्ती करील त्याचा निर्वंश होईल.

ही गोष्ट आम्हांला फार विचार करण्याजोगी वाटते. घर जळले तर पुन्हा बांधता येते. पण इथे राहणे म्हणजे मरण, ही भीती एकदा माणसाच्या मनात बसली, की नुसत्या विटामातीने ती निघत नाही. आपल्या शास्त्रग्रंथात नहेम्या यरुशलेमेला परत आला तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता. कोट पडलेला, वेशी जळलेल्या आणि लोक खचलेले.

१६३६ मध्ये मोगल आणि आदिलशहा यांच्यात तह होऊन निजामशाही संपली. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि त्यांची नेमणूक दूर कर्नाटकात झाली. थोरले चिरंजीव संभाजीराजे वडिलांबरोबर राहिले. पुण्याची जहागीर मात्र शहाजीराजांकडेच राहिली. तिचा कारभार पाहण्यासाठी जिजाऊ धाकट्या शिवबाला घेऊन पुण्यात आल्या. मध्यंतरी काही काळ दोघे बंगळुरास होते, पण १६४२ च्या सुमारास ती परत आली ती कायमचीच. नवरा शेकडो कोस दूर, पदरात बारा वर्षांचा मुलगा आणि समोर रान माजलेली जहागीर.

त्यांनी पहिले काम कोणते केले? राहायला आल्या, हेच पहिले काम. ज्या जागी वस्ती करणाऱ्याचा निर्वंश होतो असे लोक म्हणत होते, त्याच जागी त्या स्वतःच्या मुलाला घेऊन राहिल्या. तिथे लाल महाल बांधला गेला. कसब्यातल्या गणपतीचे देऊळ उभे राहिले. गाढवाचा नांगर जिथून फिरला होता तिथून सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरवला, असे परंपरा सांगते. तो फाळ किती सोन्याचा होता हा वाद आम्ही इतिहासकारांवर सोडतो. ज्या भाषेत लोकांना भीती घातली होती, त्याच भाषेत ती काढून घेतली, हे महत्त्वाचे. घाबरलेल्या शेतकऱ्याला उपदेशाने धीर येत नाही. मालकीणच मुलासकट इथे राहते आहे, हे दिसल्यावर येतो.

मग खरे काम सुरू झाले, आणि ते बरेच रुक्ष काम होते. पडीक जमिनीत झुडपे माजली होती आणि लांडग्यांचा सुळसुळाट झाला होता. लांडगे मारून आणणाऱ्याला बक्षीस लावले गेले, असे बखरी सांगतात. त्याशिवाय गुरे राखायला कोणी रानात जाईना. पळून गेलेल्या रयतेला कौल दिले गेले. कौल म्हणजे सरकारचे अभयपत्र : परत या, जुन्या बाकीसाठी तुम्हांला कोणी धरणार नाही. पडीक जमीन वाहितीला आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी अगदी नाममात्र सारा घ्यायचा, मग जमीन सुधारेल तसा दरवर्षी थोडा थोडा वाढवायचा. याला इस्तावा म्हणत. ज्याच्याजवळ बैल किंवा बियाणे नाही त्याला तगाई द्यायची. शेतकरी एकटा येऊनही भागत नाही. नांगर दुरुस्त करायला सुतार हवा, फाळ शेवटायला लोहार हवा, मोटेसाठी चांभार हवा, मडक्यांना कुंभार हवा. बलुतेदार परतले की गाव उभे राहते. पाटील-कुलकर्ण्यांनी हिशेब लपवू नये म्हणून जमिनी पाहून सारा ठरवावा लागतो.

या कारभारात दादोजी कोंडदेव यांचा वाटा किती आणि जिजाऊंचा किती, यावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला आहे. आम्ही त्यात पडत नाही. जहागिरीची मालकीण वाड्यात राहत होती आणि लोक आपली गाऱ्हाणी घेऊन तिच्यापर्यंत येत होते, एवढे निश्चित. जिजाऊंच्या नावाची पत्रे उपलब्ध आहेत, आणि वतनाचे व जमिनीचे तंटे त्यांनी ऐकल्याचे त्यांवरून दिसते.

आता शाळेकडे येऊ. त्या काळी आजच्यासारख्या शाळा नव्हत्या. गावात कुणी पंतोजी असला तर चार पोरांना धुळाक्षरे आणि पाढे शिकवी. सरदारांच्या मुलांना घोडा, तलवार, पत्रव्यवहार आणि हिशेब शिकवण्यासाठी माणसे नेमलेली असत. शिवाजीराजांनाही तसे शिक्षक होते, आणि रामायण-महाभारताच्या कथा त्यांनी ऐकल्या हेही खरे. पण त्यांची मोठी शाळा पुण्याच्या आणि मावळच्या शिवारातच भरली, असे आम्हांला वाटते. इतर सरदारांची मुले दरबारी रीतिरिवाज शिकत वाढत होती. या मुलाने मात्र एक उद्ध्वस्त मुलूख घराघराने, शेताशेताने परत वसताना पाहिला. बैल नसलेला कुणबी कसा दिसतो, हे त्याला माहीत होते. सैन्याची एक तुकडी एका रात्रीत जे संपवते ते भरून यायला किती पेरण्या लागतात, हे त्याने स्वतः मोजले होते. मावळच्या साध्या घरांतली मुले त्याची सोबती झाली ती याच वर्षांत. हे शिक्षण देणारी बाई स्वतः वडील, भाऊ आणि भाचा गमावून बसली होती. तिने त्या मुलाला फक्त सूड शिकवला असता, तरी कुणी तिला नावे ठेवली नसती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात आईवडील हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत असे सांगितले आहे. आपण ते वाचतो, मान हलवतो आणि मुलाला शिकवणीच्या वर्गात घालून मोकळे होतो. नाझरेथच्या घरातही तीस वर्षे काय शिकवले गेले, हे शुभवर्तमानात फारसे लिहिलेले नाही. पण प्रभू येशूच्या दाखल्यांत पेरणारा आहे, पिठात खमीर कालवणारी बाई आहे, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी बाई आहे. हे सगळे त्याने कुठे पाहिले असेल?

शिवाजीराजे काय शिकले त्याची पहिली ठळक नोंद १६४६ च्या जानेवारीतली आहे. राजे तेव्हा सोळा वर्षांचेही नव्हते. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला होता. पाटील म्हणजे गावचा सर्वांत वजनदार माणूस, त्याच्याविरुद्ध बोलणार कोण? राजांनी त्याला पकडून आणवले, चौकशी केली आणि हातपाय तोडण्याची शिक्षा देऊन त्याची पाटीलकी काढून घेतली. शिक्षा आज आपल्याला क्रूर वाटते, आणि आपण तिचे समर्थन करणार नाही. पण गाव पुन्हा वसवायचे तर तिथल्या बायकांना पाणवठ्यावर निर्धास्त जाता आले पाहिजे, हे त्या पोरवयाच्या राजाला कळले होते, आणि ते त्याला कुणी शिकवले असेल याचा फार शोध घ्यावा लागत नाही.

यानंतरची तीस वर्षे आपल्या ओळखीची आहेत. तोरणा, राजगड, प्रतापगड, पन्हाळा. त्यात जिजाऊंच्या वाट्याला आलेले मात्र आपण पटकन विसरतो. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारला गेला. १६५९ मध्ये सून सईबाई वारल्या, तेव्हा नातू संभाजी अवघा दोन वर्षांचा होता. त्याला आजीने वाढवले, म्हणजे साठी ओलांडल्यावर त्यांची शाळा पुन्हा एकदा भरली. हा नातू पुढे संस्कृतात बुधभूषण हा ग्रंथ लिहिण्याइतका विद्वान झाला. १६६० साली शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन पुण्यात शिरला आणि खुद्द लाल महालात राहिला. तीन वर्षे ती फौज त्या मुलखात होती. कष्टाने वसवलेली गावे पुन्हा उजाड झाली. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात शिकारीत घोड्यावरून पडून वारले. जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या. शिवाजीराजांनी त्यांना गळ घालून थांबवले, असे बखरकार सांगतात. मिर्झाराजे जयसिंगाच्या स्वारीत, १६६५ साली, मोगल तुकड्यांनी किल्ल्यांच्या पायथ्याची गावे मुद्दाम जाळली, म्हणजे रयतच राजांना शरण जायला भाग पाडील. पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले गेले. दुसऱ्या वर्षी राजे आग्र्याला गेले आणि कैदेत पडले, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या जिजाऊ मागे राज्याचा कारभार पाहत होत्या. एकुलता उरलेला मुलगा आणि नऊ वर्षांचा नातू दोघेही शत्रूच्या हाती, आणि इथे रोज किल्लेदारांची पत्रे, धान्याचे हिशेब, लोकांची गाऱ्हाणी. ते महिने त्यांनी कसे काढले असतील याची कल्पना ज्या आईचे मूल सीमेवर किंवा परदेशात अडकले आहे तिलाच येईल.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजीराजांचा राज्याभिषेक झाला. गडावरची थंड हवा जिजाऊंना मानवत नसे, म्हणून खाली पाचाड गावात त्यांच्यासाठी वाडा बांधला होता. राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी तिथेच देह ठेवला. पाचाडला त्यांची समाधी आहे, साधी, झाडांच्या सावलीत. सिंदखेडपासून पाचाडपर्यंतचा तो प्रवास शहात्तर वर्षांचा होता.

त्यांच्या शेवटच्या वर्षांतले राजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्याच लष्करी अंमलदारांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यापुरती साठवलेली वैरण आणि धान्य जपून वापरा, ते आधीच संपवलेत तर घोडी मरतील आणि मग तुम्ही रयतेला ओरबाडू लागाल, असे त्यात बजावले आहे. कुणी कुणब्याचे धान्य, कुणी भाकर, कुणी भाजी उचलील आणि बिचारी माणसे गाव सोडून जातील. ती मोगलांपेक्षाही तुम्हांला वाईट म्हणतील, असा इशाराही आहे. पुढे तर राजा आगीबद्दल लिहितो : रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. राज्याचा धनी उंदराची आणि वातीची काळजी करतो आहे, कारण गंज जळली तर शेवटी भुर्दंड शेतकऱ्यालाच बसणार, हे त्याला पक्के माहीत आहे.

आणि जिजाऊ गेल्यानंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर १६७६ मध्ये, कोकणातल्या प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला राजांनी आणखी एक पत्र पाठवले. गावोगाव स्वतः फिर, कुणब्यांना गोळा कर, असे त्यात सांगितले आहे. कुणाकडे किती माणसे आहेत, किती बैल आहेत ते पाहा. ज्याच्या घरी काम करायला हात आहेत पण बैल नाहीत, पोटाला दाणे नाहीत, त्याचे शेत पडून राहते. त्याला बैलांसाठी रोख पैसे दे, खायला खंडी-दोन खंडी धान्य दे, आणि त्याला झेपेल तेवढे शेत त्याच्याकडून करवून घे. दिलेले पैसे परत घेताना वाढीदिढी म्हणजे व्याज लावू नकोस. मुद्दलच तेवढे घे, तेही एकदम नाही, त्याला जसजशी ताकद येईल तसतसे थोडे थोडे.